नत्थूजींनी दाखवलेलं कडं

नंदनवनच्या पलीकडे, जिथे तेव्हा पक्की सडक संपायची आणि बाभळी सुरू व्हायच्या, त्या वस्तीत नत्थूजी बागडे राहत. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. उंच, सडसडीत अंग, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, आणि चालताना मान थोडी वर. ती मान गर्वाने वर नव्हती असं मी म्हणणार नाही. गर्व होताच. पण तो कमावलेला होता, आणि कमावलेल्या गर्वाला मी कधी नावं ठेवली नाहीत.

छप्पन साली, ऐन जवानीत, त्यांनी आईबापांबरोबर नागपुरातच दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आले. परतताना त्यांचा बाप रस्ताभर मागे वळून पाहत होता, आणि नत्थूजी म्हणत होते, "बाबा, पुढं पाहा ना." त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. कोणी सांगितलं म्हणून हो म्हणायचं नाही. आधी पाहायचं. वस्तीत कोणी अंगारा आणला, कोणी झाडाखाली भूत पाहिलं, की नत्थूजी विचारत, "तू स्वतःच्या डोळ्यानं पाह्यलं का? नाही ना? मंग हो काहून म्हणून राहिला?"

आकाशाशी त्यांची गाठ पडली ती चौऱ्याहत्तर साली. विश्वनाथजी नावाचे एक कॉलेजातले मास्तर आणि त्यांचे दोनचार मित्र हौसेने लोकांना तारे दाखवत. कॉलेजची दुर्बीण मागून आणायची, संध्याकाळी एखाद्या मैदानात मांडायची, येईल त्याला फुकट दाखवायचं. नत्थूजी पाळी संपवून घरी चालले होते. रांग दिसली म्हणून उभे राहिले. डोळा लावला आणि तिथेच राहिले. काळ्या पाण्यात परात तरंगावी आणि परातीच्या मधोमध लाडू ठेवलेला असावा, तसा शनी. भोवती कडं. लखलखीत, सगळीकडून सुटं, कशालाही न टेकलेलं.

"अजी, घर बांधता का तिथं?" मागून कोणीतरी ओरडलं.

नत्थूजी बाजूला झाले, पण घरी गेले नाहीत. सगळी रांग संपेपर्यंत थांबले, आणि विश्वनाथजींना म्हणाले, "मले तुमच्यात घ्या."

घेतलं. पुढे कॉलेजने आपली दुर्बीण कपाटात बंद केली, तेव्हा या हौशी लोकांच्या मंडळाने स्वतःची दुर्बीण करायचं ठरवलं. काचेवर काच ठेवून, मधे वाळूसारखी पूड घालून, पाणी शिंपडत घासायचं. घासता घासता वरची काच खोल होत जाते, आणि तिचा आरसा होतो. मंडळातल्या शिकलेल्या पोरांचे हात अर्ध्या घटकेत दुखू लागत. नत्थूजी घासत. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. त्या आरशात आपला घाम उतरला आहे हे ते कोणाला सांगत नसत, पण दुर्बिणीला हात लावताना तो लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवत. मंडळानेही मान दिला. लोकांना दाखवायचं असलं की दुर्बिणीपाशी उभे राहायचे ते नत्थूजीच.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्याला मोठं ग्रहण लागलं. नागपुरात ते पूर्ण नव्हतं, तरी भरदुपारी रस्ते ओस पडले होते, खिडक्यांना चादरी लागल्या होत्या. नत्थूजींनी वस्तीतल्या लोकांना घराबाहेर काढलं. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला, आणि कुरतडलेल्या भाकरीसारखा तो सूर्य सगळ्यांनी पाहिला. कागद धरून उभी होती अंजनाबाई. साठीची बाई, एकटीने लेकरं वाढवलेली, विड्या वळून पोट भरणारी, आणि जिभेची तिखट. चंपतराव नावाचा शेजारी दारातून ओरडला, "अंजनाबाई, आंधळी होशीन वं!"

"तू आत बसून कोणता उजेड पाडून राहिला?" अंजनाबाई म्हणाली. "नत्थूजी म्हणते पाहा, म्हणून मी पाहून राहिली. बाहेर ये, नाहीतर दार लाव."

चंपतराव बाहेर आला. त्याच्यामागे बाकीचे आले. त्या दुपारी नत्थूजींची मान जेवढी वर गेली तेवढी आधी कधी गेली नव्हती.

पण त्या मानेखाली एक भीती बसली होती, आणि ती फक्त त्यांच्या बायकोला, रंभाबाईला माहीत होती. नत्थूजींच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं येऊ लागलं होतं. साच्यावर एका धाग्याचे दोन दिसत. दिव्याभोवती पिसारा दिसे.

"मोठ्या दवाखान्यात दाखवा ना," रंभाबाई म्हणे.

"दाखवतो."

"मंडळात तरी सांगा."

"काय सांगू? ज्याले दिसत नाही तो दुनियेले दाखवाले उभा आहे म्हणून?"

मंडळाच्या बैठकीत आकाशाचे नकाशे पाळीपाळीने वाचत. बारीक अक्षरं. एकदा नत्थूजी वाचताना अडखळले, आणि एका पोराने हसत नकाशा त्यांच्या नाकाजवळ सरकवला. पुढच्या बैठकीला नत्थूजी गेलेच नाहीत. गिरणीत जास्तीचं काम आहे असा निरोप धाडला. त्याच बैठकीत विश्वनाथजींनी सगळ्यांना शनीबद्दल एक गोष्ट समजावून सांगितली. ती नत्थूजींपर्यंत पोचली नाही. दुसऱ्या दिवशी कोणाला विचारायचं, तर बैठकीला का आला नाहीत हे सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

चैत्रातली शुद्ध अष्टमी होती. शाळेच्या मैदानात कार्यक्रम ठेवला होता. दोन दुर्बिणी आल्या होत्या, एक मंडळाची, एक मागून आणलेली. मैदानाच्या एका टोकाला विश्वनाथजी चंद्र दाखवणार, दुसऱ्या टोकाला नत्थूजी शनी. ग्रहणानंतर लोकांना हौस आली होती. दिवेलागणीलाच मैदान भरलं, उकडलेल्या शेंगांची गाडी फाटकाशी लागली, बायांची एक रांग, बाप्यांची एक रांग. नत्थूजींनी तर वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. शनीचं कडं पाहाले या, परातीत लाडू ठेवल्यावाणी दिसते.

बायांच्या रांगेत सगळ्यात पुढे अंजनाबाई. शनीशी तिचा जुना हिशेब होता. तिच्या माहेरी दर शनिवारी एक माणूस शनीच्या नावाने तेल मागत यायचा. पोरींच्या डोक्याला लावायला घरात थेंब नसायचा, पण त्याच्या वाटीत तिची माय तेल ओतायची.

"आमच्या डोक्याचं तेल पिऊन केवढा झाला, ते पाहू द्या एकदा," ती मोठ्याने म्हणाली, आणि रांग हसली.

पूर्वेला शनी वर आला. नत्थूजींनी दुर्बीण वळवली, आधी स्वतः डोळा लावला.

कडं नव्हतं.

नुसता गोळा होता. त्यांनी काच पुढेमागे केली. गोळा मोठा झाला, फुटला, पुन्हा आवळला. कडं नाही. डोळा पुसला, पुन्हा लावला. डावा डोळा लावला. त्या डोळ्याने पाहायची सवय नव्हती, त्यात पाणी आलं. त्यांना वाटलं, गेले. डोळे गेले. कडं आपल्या जागी आहे, साऱ्या मैदानाला दिसेल, आणि आपल्यालाच दिसत नाही.

मैदानापलीकडे विश्वनाथजींना जाऊन विचारता आलं असतं. ती वाट किती लांब होती! मागे रांग खोळंबली होती.

नत्थूजी दुर्बिणीपासून सरळ झाले, आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "या मावशी. पाहा. मधात गोळा आणि भोवताल कडं."

अंजनाबाईने पदर खोचला, डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"गोळा हाये," ती म्हणाली. "संत्र्याएवढाही नाही. लिंबाएवढा."

"आणि कडं?"

"कडं नाही गा."

"नीट पाहा."

"नीटच पाहून राहिली. कडंगिडं काही नाही, नत्थूजी. नुसता गोळा हाये."

चंपतराव बाप्यांच्या रांगेतून मान लांब करून पाहत होता. त्या क्षणी नत्थूजींपुढे दोन गोष्टी होत्या. एक बाई जे दिसतं ते सांगत होती. आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनीही तेच सांगितलं होतं. पण भ्यालेल्या माणसाला दोन आणि दोन मिळवता येत नाहीत. नत्थूजींना एवढंच वाटलं, की म्हातारीचेही डोळे गेलेले आहेत, आणि ती आता आपलंही उघडं पाडणार.

ते हसले. लोकांकडे पाहून हसले.

"मावशी, विड्या वळून वळून डोळ्यात तंबाकू गेली तुमच्या. याले पाहाले नजर लागते. सरका आता, मागच्या लोकायले पाहू द्या."

मैदान हसलं. अंजनाबाई हलली नाही. पुन्हा वाकली, पुन्हा डोळा लावला. या खेपेला फार वेळ लागला नाही.

"हो गा," ती हळू आवाजात म्हणाली. "दिसलं. कडं दिसलं."

ती निघून गेली. चंद्राच्या रांगेकडे गेली नाही, सरळ फाटकाबाहेर गेली.

मग कोणाची हिंमत होती? "दिसलं का?" नत्थूजी विचारत. "दिसलं, दिसलं," लोक म्हणत. कोणी म्हणे, चांदीचं कडं आहे. कोणी म्हणे, सोन्याचं. चंपतराव तर म्हणाला, "मले तर एकाआड एक दोन दिसले, बाप्पा!" प्रत्येक 'दिसलं'बरोबर नत्थूजींची खात्री पटत गेली, की आंधळे आपणच.

लोक पांगले. दुर्बीण खोक्यात ठेवताना विश्वनाथजी रुमालाने मान पुसत आले.

"काय नत्थूजी, नाराज झाले असतील ना लोक? कडं नाही म्हणून?"

नत्थूजींचे हात थांबले.

"यंदा कडं आपल्याकडे धार करून आहे," विश्वनाथजी आपल्याच नादात बोलत होते. "बैठकीत मी ताट आडवं धरून दाखवलं तेव्हा तुम्ही नव्हता, नाही का? ताट डोळ्यासमोर अगदी सपाट धरलं की नुसती रेघ उरते. आपल्या दुर्बिणीतून तर तीही नाही. यंदा इथे कोणालाच दिसायचं नाही. म्हणून तर म्हटलं, लोकांना हेही दाखवू. की कडं असतं, आणि कधी कधी दिसत नाही." मग ते हसले. "पण तुमच्या रांगेतला एक माणूस मला सांगत होता, दोन कडी पाहिली! कमाल आहे लोकांची."

तेव्हाच सांगायचं होतं. नत्थूजींनी पुढे कितीदा तरी स्वतःला हे ऐकवलं असेल. तोंड उघडलं असतं तर ते एका संध्याकाळचं पाप राहिलं असतं. पण ते विश्वनाथजींबरोबर हसले. "लोक म्हणजे काय जी," असं म्हणाले, आणि खोक्याची कडी लावली.

घरी येऊन जेवले नाहीत. रंभाबाईने दोनदा विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली.

"म्हणजे तुमाले बरोबर दिसलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तिलेही."

"हो."

"मंग खोटं कोण बोललं?"

नत्थूजींनी भिंतीकडे तोंड केलं. छप्पन साली ज्या हातांनी देव टोपलीत भरले होते, ते हात त्यांनी पांघरुणात लपवले.

ती गोष्ट तिथेच विरून गेली असती तर नत्थूजींनी ती गिळली असती, असं मला वाटतं. माणूस चांगला असला तरी गिळता येईल तेवढं गिळतो. पण शब्द मैदानातच राहिला नाही. तो वस्तीत आला. पोट्टे अंजनाबाईला गल्लीत विचारू लागले, "आजी, हे किती बोटं?" तिच्या सुनेने तेंदूची पानं कापायची कात्री तिच्या हातातून काढून घेतली. "सासूबाईले दिसत नाही, विड्या वाकड्या होतीन," असं सून सगळ्यांना सांगे. "नत्थूजीनंच म्हटलं ना." ग्रहणात कागद धरून उभी राहिलेली बाई ओट्यावर रिकाम्या हाताने बसू लागली. येताजाता नत्थूजींना ती दिसे. ते दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. गिरणीची वाट त्यामुळे लांब पडायची.

एके दिवशी त्यांनीच पाय वळवले. अंजनाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"मावशी," नत्थूजी उभ्यानेच म्हणाले, "तुमी बरोबर होत्या. कडं नव्हतंच. यंदा कोणालेच दिसत नाही."

तिने वर पाहिलं. "तुले दिसलं होतं का?"

"नाही."

"मले 'नजर लागते' म्हटलं तेव्हा माहीत होतं, का तुले दिसत नाही म्हणून?"

नत्थूजींना वाटलं, कोणीतरी आपल्याला बोलावून घ्यावं, गिरणीचा भोंगा वाजावा. काही वाजलं नाही.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"बरं." अंजनाबाईने पाय आखडून घेतले. "तेव्हा साऱ्या मैदानात बोलला. आता कानात येऊन सांगून राहिला. जाय नत्थू, माही सून घरात हाये, तिलेही ऐकू नाही आलं."

आजवर ती त्यांना नत्थूजी म्हणायची. त्या दिवशी जी नव्हतं.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली. वस्तीचे सगळे होते. पांढऱ्या साड्या, धुतलेले सदरे, पुढे पोरं. वंदना संपल्यावर कोणाला काही सांगायचं असलं तर सांगायची रीत होती. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण. नत्थूजी उठले. एरवी ते उठले की लोक सावरून बसत, काहीतरी नवीन कळणार म्हणून.

"शनीचं कडं त्या दिवशी नव्हतं," ते म्हणाले. "कोणालेच दिसत नव्हतं. मलेही दिसलं नाही. मले वाटलं माझे डोळे गेले. ते लपवाले मी खोटं बोललो, आणि अंजनामावशी खरं बोलल्या तर त्यायले सगळ्यायपुढं हासलो. त्यायची नजर चांगली आहे. खोट माझ्यात आहे."

एवढं बोलायला त्यांना किती जोर लागला असेल! आणि आपण आता मोकळे होऊ, लोक रागावतील, दोन शब्द बोलतील, मग सगळं जागच्या जागी येईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही.

"नव्हतं कसं?" चंपतराव म्हणाला. "मी पाह्यलं ना."

"नव्हतं, चंपतराव."

"अजी, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं! दोन होते!"

"मीही पाह्यलं," मागून एक बाई म्हणाली. "चांदीवाणी होतं."

"मीही."

"आमच्या पोरीनंही पाह्यलं. चित्र काढलं तिनं शाळेत."

नत्थूजी वळून वळून प्रत्येकाकडे पाहत होते. ज्यांना जन्मभर 'पाहिल्याशिवाय हो म्हणू नका' म्हणून सांगितलं, ती माणसं न पाहिलेल्या गोष्टीची शपथ घेत होती. आणि ती गोष्ट त्यांच्या डोळ्यांत नत्थूजींनीच घातली होती.

"तुमचेच डोळे गेले, नत्थूजी," चंपतराव हसत म्हणाला. "याले नजर लागते."

विहारभर हशा उठला. मैदानातला होता तसाच, त्याच लोकांचा. रंभाबाईने मान खाली घातली.

तेव्हा बायांच्या बाजूने अंजनाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू उठली. हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

"मले नव्हतं दिसलं," ती म्हणाली. "एकदा पाह्यलं, दोनदा पाह्यलं. नव्हतं. तरी मी हो म्हटलं. नत्थू सगळ्यायपुढं हासला आणि माह्या तोंडातून हो निघालं. माही माय त्या तेलवाल्याले असंच हो म्हणे. मले वाटलं होतं, का छप्पन साली ते हो आपण नदीत सोडून आलो." ती थांबली. सुनेकडे पाहिलं. "माह्या कात्रीले हात लावू नको आता."

चंपतराव छताकडे पाहत होता. आपल्यालाही दिसलं नव्हतं, असं म्हणायला आणखी एकही माणूस उठला नाही. नत्थूजी उभेच होते. बसावं की बाहेर जावं, ते त्यांना कळत नव्हतं. लोकांचं हसणं त्यांनी सोसलं असतं. पण त्या म्हातारीचं 'हो' त्यांना सोसवेना. तेल मागणारा माणूस वाटी घेऊन तिच्या मायच्या दारी यायचा. नत्थूजी दुर्बीण घेऊन गेले होते.

"बस आता," अंजनाबाई त्यांना म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "पोट्ट्यायले खीर वाढाची हाये."

नत्थूजी बसले. नेहमीच्या पुढच्या जागी गेले नाहीत, दाराजवळ जागा होती तिथे बसले. खीर आली, ती त्यांनी घेतली. मान खाली घालून, सगळ्यांच्या देखत, ती संपवली.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून रजा काढून ते विश्वनाथजींकडे गेले, सगळं सांगितलं, आणि तिथून पायीच मोठ्या दवाखान्यात गेले.